हेडलाईटची काच एकाच जागी पुन्हा पुन्हा तडकते, आत पाणी धरते: नेमकं काय तपासायचं

चीर बुजवली, वरून सिलिकॉन फिरवलं, आठ-पंधरा दिवस दिवा छान दिसला आणि पहिल्याच मोठ्या पावसात आत पुन्हा थेंब. मग पुन्हा सिलिकॉन, त्यावर पारदर्शक टेप, आणि दिवाळी येईपर्यंत ती चीर दोन बोटं पुढं सरकलेली. पावसाळा लागला की सातारा-कराड पट्ट्यातले असे दिवे सारखे टेबलावर येतात. मालक हमखास म्हणतो, "दादा, परवाच तर भरून घेतलं होतं की." भरलेलं असतंच. पण काच ज्या कारणानं तडकली ते कारण गाडीत तसंच बसून असतं आणि भरलेला माल ते किती दिवस सोसणार? म्हणून चीर भरायला घेण्याआधी ती कुठून आली हे शोधा. या कामात निम्मा वेळ त्यालाच द्यावा लागतो, आणि तो द्यावाच.

चीर कुठून सुरू झाली?

दिवा धुऊन पूर्ण वाळवा. अंधाऱ्या जागी मोबाईलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. समोरून न दिसणाऱ्या चिरा अशा उजेडात चमकतात. चिरेची दोन्ही टोकं शोधा आणि मार्कर पेननं खुणा करा.

मधोमध टिंबासारखा खड्डा आणि तिथून चहूकडं गेलेल्या रेघा असतील, तर दगड लागलाय. महामार्गावर खडीच्या डंपरमागं गाडी राहिली की हे व्हायचंच. दगड एकदाच लागतो, कारण तिथंच संपतं, त्यामुळं ही दुरुस्ती नीट केली तर टिकते.

चीर काचेच्या कडेपासून, स्क्रूच्या किंवा दिव्याच्या कानाच्या (दिवा गाडीला बसवायला बाहेर काढलेली पट्टी) जवळून निघून आत आली असेल, तर दिवा ताणात बसलाय. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींत हाच प्रकार सगळ्यात जास्त असतो. भिलार-पाचगणी भागातून भाजी आणि स्ट्रॉबेरी वाहणाऱ्या एका पिकअपचा डावा हेडलाईट असाच दर पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यातून तडकायचा. वरचे दोन स्क्रू सैल केले तसा दिवा स्वतःहून बोटभर पुढं उडी मारून आला. कधीतरी बंपरला ठोकर बसलेली, आतली पत्र्याची पट्टी मागं दबलेली, आणि प्रत्येक वेळी दिवा त्या वाकड्या पट्टीवर जोरानं आवळून बसवलेला. पट्टी सरळ केली, दिवा हातानं अलगद जागेवर बसला, मगच स्क्रू लावले.

तुमच्या गाडीवर हीच तपासणी करायची. स्क्रू एकेक करून सैल करा आणि दिवा सरकतो का, उसळतो का ते बघा. बॉनेट आणि दिव्यामधली फट एका टोकाला बोट जाईल एवढी आणि दुसऱ्या टोकाला नखही जाणार नाही अशी असेल, तर पत्रा किंवा ब्रॅकेट वाकलेलं आहे. दिव्याचा एखादा कान तुटला असेल तर सगळा भार उरलेल्या कानांवर येतो. घाटातल्या खड्ड्यांनी दिवा थरथरत राहतो आणि चीर कापड फाटत जावं तशी रोज थोडी पुढं जाते. इथं आधी कान जोडायचा, काच नंतर.

तिसरा प्रकार म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, विखुरलेल्या रेषा. त्यामागं उष्णता असते नाहीतर रसायन. साधा एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. त्या जागी १००/९० वॉटचा बल्ब टाकला की आतली उष्णता वाढते. मागचं होल्डर तपकिरी पडलेलं, वायरीचं प्लास्टिक कडक झालेलं दिसलं तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. रसायनाचं म्हणाल तर थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन. डांबराचे शिंतोडे काढायला पेट्रोलच्या चिंधीनं दिवा पुसायची सवय आपल्याकडं फार आहे, आणि हेडलाईटची 'काच' ज्या प्लास्टिकची असते त्या पॉलिकार्बोनेटला ती अजिबात सोसत नाही. ताणात असलेलं पॉलिकार्बोनेट अशा द्रावणानं डोळ्यादेखत तडकू शकतं. डांबर काढायला साबणाचं कोमट पाणी आणि सबुरी, एवढंच वापरा.

आतली वाफ आणि आतलं पाणी, दोन्ही वेगळं

याच्यावर खूप गैरसमज आहेत म्हणून सविस्तर सांगतो. आजकालचे हेडलाईट हवाबंद नसतात. दिवा तापतो, आतली हवा फुगते, दिवा निवतो, हवा आकसते. ती ये-जा व्हावी म्हणून मागच्या बाजूला श्वासनळ्या असतात. कुठं वाकडी रबरी नळी, कुठं फोमचा तुकडा, कुठं पाणी अडवून हवा सोडणारा पातळ पडदा. थंड, दमट रात्री काचेच्या आत पातळ धुरकट थर आला आणि दिवा लावून थोडं अंतर गेल्यावर तो निघून गेला, तर ती तक्रारच नव्हे. यवतेश्वरावरून कासकडं जाताना धुक्यात नव्या गाड्यांनाही असं होतं. एलईडी दिवे काचेकडं कमी उष्णता टाकतात, म्हणून त्यांच्यात हा थर जायला जास्त वेळ लागतो.

थेंब ओघळत असतील, तळाला पाणी साचलं असेल, किंवा वाफ दुसऱ्या दिवशी उन्हातही तशीच असेल, तर मात्र पाणी कुठून तरी आत शिरतंय. आणि ते नेहमी चिरेतूनच शिरतं असं समजू नका. मागची रबरी टोपी आधी बघा. बाजारातले पंखावाले एलईडी बल्ब हॅलोजनच्या जागी बसवले की मागं जागा उरत नाही, मग ती टोपी काढून टाकतात किंवा कापून भोक पाडतात. तिथून पाणी आणि धूळ थेट आत. अशा दिव्याची काच कितीही वेळा सील करा, थेंब येतच राहणार.

तापलेला दिवा अचानक निवला की आतली हवा आकसून बाहेरचं पाणी चिरेतून आत ओढून घेते. ओढ्याच्या फरशीवरून गाडी घातली किंवा लांबून आल्या आल्या धुवायला लावली की हेच होतं. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो, त्यामुळं दुचाकीवाल्यांनी तर गाडी उभी करून दिवा निवू द्यावा आणि मगच पाइप मारावा.

गळतीची जागा सापडत नसेल तर दिवा काढून एक सोडून बाकीच्या श्वासनळ्या आणि मागची भोकं टेपनं बंद करा. उघड्या ठेवलेल्या नळीतून तोंडानं हलकी फुंकर घाला आणि सांध्यावरून, चिरेवरून साबणाचा फेस फिरवा. जिथं बुडबुडा येईल तिथं गळती. कॉम्प्रेसरची हवा कधीही लावू नका, चांगला सांधा उघडेल.

वाळवताना बल्ब काढून दिवा उन्हात तोंड खाली करून ठेवा, किंवा हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. आतला चकचकीत भाग (रिफ्लेक्टर) कापडानं पुसायचा मोह आवरा. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, बोट फिरवलं तरी निघतो आणि तेवढ्या जागी उजेड कायमचा मरतो. आत चिखल गेला असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर ओतून, हलवून, निथळून घ्या.

आपल्या सातारा जिल्ह्यात दोन टोकं आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास. त्यामुळं पश्चिमेकडच्या गाड्या पाण्यानं येतात, पूर्वेकडच्या उन्हानं पिवळ्या पडून आणि आत धूळ धरून. मेढा, पाटण, महाबळेश्वरकडं रोज जाणाऱ्यांनी मेच्या अखेरीला मागच्या टोप्या आणि श्वासनळ्या एकदा बघून घ्याव्यात. नळीत चिखल बसला असेल तर पाणी बाहेर पडायची वाटच बंद होते.

कोणत्या प्लास्टिकला काय लावायचं

दिव्याच्या काचेच्या कडेला किंवा पाठीमागं बारीक इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. 'पीसी' म्हणजे पॉलिकार्बोनेट, बहुतेक हेडलाईटना हेच असतं. 'पीएमएमए' म्हणजे अ‍ॅक्रिलिक, ते मागच्या लाल दिव्यांना. मागचा काळा डबा बहुतेक 'पीपी', म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही अक्षरं वाचल्याशिवाय कुठलाही डिंक उघडू नका.

फेव्हिक्विकसारखा झटपट डिंक काचेवर लावू नये. सुकताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी बसते, आणि ती आतल्या रिफ्लेक्टरवर बसली तर दिवा आंधळा होतो. शिवाय तो डिंक ठिसूळ, थरथर सोसत नाही. सिलिकॉनमध्येही दोन जाती आहेत. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं, आणि बंद दिव्यात ते रिफ्लेक्टर आणि पितळी टर्मिनल दोन्ही खातं. दुकानात 'न्यूट्रल क्युअर' मागा. ते सावकाश सुकतं, चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर. तेवढा वेळ द्यायलाच हवा. अॅरल्डाइट ताकदीला चांगलं, पण उन्हात पिवळं पडतं, त्यामुळं उजेडाच्या वाटेत नको. आणि पीपीच्या डब्याला ते धरतच नाही, थोड्या दिवसांत पापुद्रा निघून येतो. तुटलेला कान जोडायला गरम करून रुतवायच्या तारेच्या पिना किंवा पीपीच्याच कांडीचं वेल्डिंग, हे दोनच उपाय टिकतात. मोठ्या गावांत बंपर जोडणारे कारागीर हे काम करून देतात.

चीर थांबवणं आणि भरणं

थांबवल्याशिवाय भरण्यात अर्थ नाही. चिरेच्या टोकाला ताण एकवटलेला असतो, तिथं गोल भोक पाडलं की तो पसरतो आणि चीर पुढं जात नाही. दोन मिलिमीटरच्या आसपासचा बिट घ्या. डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढं चिरेचं खरं टोक असतं, म्हणून खुणेच्या एक-दीड मिलिमीटर पुढं भोक घ्यायचं. मशीनचा वेग कमी ठेवा, जोर लावू नका, वेग वाढला की प्लास्टिक वितळून बिटला चिकटतं. आणि दिवा उलटा, काच जमिनीकडं करून धरा आणि खालून भोक पाडा, म्हणजे कीस आत न पडता खाली गळतो. हे एवढं केलं नाही तर तो कीस दिव्यात जन्मभर खुळखुळत राहतो.

भरायला पारदर्शक यूव्ही रेझिन (अतिनील उजेडात घट्ट होणारा पातळ डिंक) चांगलं, समोरच्या काचेच्या दुरुस्तीच्या किटमध्ये येतं तसलं. आधी कडेला, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून तासभर बघा, कारण काही रेझिननं पॉलिकार्बोनेटवर बारीक जाळं उठतं. काही झालं नाही तर पुढं जा. काम सावलीत करा, उन्हात रेझिन आत उतरण्याआधीच घट्ट होतं. काच थोडी कोमट असू द्या, थेंब चिरेवर ठेवा, तो आपसूक आत ओढला जातो. चिरेच्या दोन्ही बाजू अंगठ्यानं अगदी अलगद दाबून सोडल्या की आतली हवा बाहेर येते. भोकंही भरा, वर पारदर्शक फिल्म ठेवा आणि मग यूव्ही दिवा दाखवा. दिवा रेझिनच्या बाजूनंच दाखवायचा. हेडलाईटच्या काचेत अतिनील किरण अडवायची सोय असते, त्यामुळं आतून किंवा काचेतून दाखवला तर रेझिन कच्चं राहतं. घट्ट झाल्यावर ब्लेड आडवी धरून फुगवटा खरवडा.

रेघ थोडी दिसणार. ती नाहीशी होत नाही, आणि नाहीशी करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाणी थांबलं, चीर थांबली, उजेड तुटला नाही, एवढं झालं की काम झालं.

सांधाच गळत असेल तर दिवा उघडायचा की नाही ते आतल्या मालावर ठरतं. काळा, च्युइंगमसारखा ताणला जाणारा ब्यूटाइल सीलर असेल तर हीट गननं सगळीकडून सारखा गरम करून दिवा उघडतो आणि नवा सीलर घालून बंद होतो. कडक पॉलियुरेथेन असेल तर उघडताना काच तुटायचीच शक्यता जास्त. तिथं बाहेरूनच न्यूट्रल सिलिकॉनची रेघ द्या.

मागचा लाल दिवा

मागचे दिवे बहुतेक वेळा वेल्डिंग करून बंद केलेले असतात, पेचकस घालून उघडायला जाऊ नका. अ‍ॅक्रिलिकची चीर सावकाश जोडता येते. नंबर प्लेट आणि अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या बनवणाऱ्यांकडं त्यासाठीचं द्रावण असतं, बारीक सुईनं एक थेंब सोडला की कडा विरघळून एकजीव होतात. त्याची वाफ विषारी असते. काम उघड्यावर करा, नाहीतर त्यांच्याकडूनच करून घ्या.

लाल तुकडा उडून गेला असेल तर घर गाठेपर्यंत लाल पारदर्शक टेप लावा, पण तसंच जाऊ नका. मागून पांढरा उजेड दिसला की मागचा माणूस गाडी समोरून येतेय असं समजतो. गाळपाच्या हंगामात कोरेगाव, कराड, इस्लामपूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे वाढ्यानं (उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं) झाकलेले किंवा फुटलेले असतात, आणि त्यावर आदळून माणसं जातात. ट्रॉलीचा दिवा ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. तो जोडत बसू नका, नवा घाला, आणि वाढं खाली आलं तरी दिसेल अशा जागी बसवा.

पिवळेपणा

पिवळी काच घासून उजळते, पण घासताना कंपनीचा संरक्षक थर जातो. टूथपेस्ट लावून चमकवलेली काच म्हणूनच काही महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट दिसते. पाण्याचा वॉटर पेपर ८०० पासून सुरू करा. वर यूव्ही क्लिअर कोट मारणार असाल तर १५०० वर थांबा, कोटला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो. पीपीएफ (पारदर्शक संरक्षक फिल्म) चिकटवणार असाल तर ३००० पर्यंत जाऊन पॉलिश करा. दोन भागांचा क्लिअर मारताना साधा कापडी मास्क चालत नाही, त्यातलं हार्डनर फुप्फुसाला वाईट. रंगकाम करणाऱ्याच्या बूथमध्ये ते काम द्या.

कॅमेऱ्याची काच

हेडलाईटचं शहाणपण इथं उलटं पडतं. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याच्या पुढची काच चित्र घडवते, तिच्यावर चमक कमी करणारा थर असतो. पेपर, कंपाउंड, टूथपेस्ट यातलं काहीही लावलं तर ओरखडा जाऊन कायमचा धुरकटपणा येतो. आधी ओल्या मऊ कापडानं चिखल भिजवून काढा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात, कारण मागच्या चाकांचा चिखल सुकून तड्यासारखाच दिसतो.

मग स्क्रीनवर बघा. डाग एकाच जागी ठाम असेल तर तो काचेवर आहे. सकाळी धूसर आणि दुपारी साफ, असं असेल तर आत ओल शिरलीय. चित्र फडफडतं, निळं पडतं, मधूनच जातं, तर काचेचा दोष नाही, वायरीचा जोड बघा, विशेषतः मागचा दरवाजा उघडतो तिथली, सारखी वाकून तुटणारी वायर.

तडकलेल्या रिव्हर्स कॅमेऱ्यात रेझिन भरू नका. चित्र वाकडं दिसेल आणि आतल्या रबरी रिंगचं सील तसंही गेलेलं असेल. पूर्ण कॅमेरा बदला. तोवर पार्किंग सेन्सरवर भागवा, १ जुलै २०१९ नंतरच्या नव्या मोटारींना ते सक्तीचेच आहेत. समोरच्या काचेमागं लेन सांभाळणारा किंवा आपोआप ब्रेक लावणारा कॅमेरा असेल आणि त्याच्यासमोर दगड लागला असेल, तर तिथं काच भरून घेऊ नये. काच बदलावी आणि नंतर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा जुळवणं, करून घ्यावं. ते टाळून पैसे वाचवू नका, तो कॅमेरा चुकीच्या अंतरावर ब्रेक लावू शकतो.

बदलायचाच कधी, आणि शेवटचं काम

तुकडाच गायब असेल, चीर बरोबर उजेड बाहेर पडतो त्या जागेसमोर असेल, किंवा रिफ्लेक्टर काळा पडला असेल तर दिवा बदला. जुन्या जीप आणि ट्रकच्या गोल दिव्यांना खरी काच असते, तिला भोक पाडता येत नाही, ती बदलायचीच. माल किंवा प्रवासी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं तारखेच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आधीच निर्णय घ्या.

काचेचं काम झालं की दिव्याचा रोख जवळजवळ नेहमी हललेला असतो. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, दिव्याची उंची बदलायचं बटण शून्यावर. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खूण करा. लो बीमवर उजेडाची वरची सपाट कड दहा मीटरवर त्या खुणेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, आणि डाव्या बाजूला ती वर चढलेली दिसली पाहिजे. जागा कमी असेल तर पाच मीटरवर पाच सेंटिमीटर. कड खुणेच्या वर गेली असेल तर मागचा स्क्रू फिरवून खाली आणा, आणि दोन्ही दिवे वेगवेगळे तपासा, एक झाकून दुसरा.